डुआर्स वाचायचा तर नदी धरा

उत्तर बंगालात, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याला असलेल्या डुआर्समध्ये पहिल्यांदा निघालेल्याला सगळे एकच रस्ता सांगतात. सिलीगुडीहून निघा, महामार्गाने पूर्वेला जात राहा, वाटेत गोरुमाराचं जंगल, मग जलदापाड्याचं, जयगावला वळून भूतानचं गेट, शेवटी बक्साचं जंगल. या रस्त्याने गेलं की दिसतं सगळं आणि कळत काहीच नाही. चहाचा मळा, जंगल, कोरडी नदी. पुन्हा मळा, पुन्हा जंगल, पुन्हा कोरडी नदी. तिसऱ्या तासाला माणूस डुलक्या घ्यायला लागतो.

याचं कारण साधं आहे. रस्ता, रेल्वे आणि देशाची सीमा या तिन्ही गोष्टी इथे पूर्व-पश्चिम धावतात. मुलखातलं बाकी जवळपास सगळं उत्तर-दक्षिण चालतं: पाणी, दगडगोटे, गाळ, पूर, हत्तींच्या वाटा. म्हणजे आपण प्रत्येक गोष्ट आडवी कापत जातो आणि तिचं ना डोकं दिसतं ना शेपूट. डुआर्स समजून घ्यायचा असेल तर एक नदी धरायची आणि डोंगराच्या तोंडापासून मैदानापर्यंत तिच्यासोबत उतरायचं. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या पुलांवर झाली, त्यातली बरीच वर्षं याच मार्गावर. पुलाचा माणूस स्टेशनं विसरतो, नद्या विसरत नाही. खाली सांगतेय ती रीत तिथूनच आलेली आहे.

आधी हद्द ठरवून घेऊ. पश्चिमेला तिस्ता, पूर्वेला संकोश. या दोन नद्यांमधला पायथा म्हणजे पश्चिम डुआर्स, आज बहुतांश जलपाईगुडी आणि अलीपूरद्वार या जिल्ह्यांत. संकोश ओलांडली की आसामातला पूर्व डुआर्स सुरू होतो. उत्तरेला भूतान. भूतानकडेही पायथ्याची एक पट्टी आहे, सामत्से, फुंटशोलिंग, गेलेफू, सामद्रुप जोंगखार ही गावं तिच्यावर बसली आहेत. पण ती अरुंद आहे आणि तिच्या पाठीला लगेच डोंगर उभा आहे.

घरी बसून करायचं काम

निघण्याआधी मोबाइलवर या भागाचं उपग्रह चित्र उघडा. गावांची नावं बंद करा. डोंगराचा गडद हिरवा रंग जिथे संपतो, तिथून पांढरे पट्टे सुरू होताना दिसतील. डोंगरात नदी सुतासारखी असते आणि बाहेर पडताच एकदम पसरते, कधी किलोमीटरभर रुंद होते. तो पांढरा रंग पाण्याचा नव्हे, दगडगोट्यांचा. उतार अचानक कमी झाला की नदीची ओझं वाहायची ताकद जाते, आणि ती सगळं तिथेच टाकून देते. हजारो वर्षं टाकत आली, म्हणून प्रत्येक नदीच्या तोंडाशी पंख्यासारखा ढीग तयार झाला आहे. शेजारशेजारच्या नद्यांचे हे पंखे एकमेकांत मिसळून जी पट्टी झाली, ती भाबर. शाळेत हा शब्द पाठ केलेला असतो. इथे तो डोळ्यांनी दिसतो.

जुनी चित्रं बघण्याची सोय असलेला नकाशा असेल तर तोर्सा किंवा जयंती नदी घ्या आणि दहा-वीस वर्षं मागेपुढे करून बघा. पांढरा पट्टा जागेवर राहत नाही. हे एकदा बघितलं की नदीच्या काठी हॉटेलची खोली घेताना हात आपोआप आखडतो.

दुसरं काम नावांचं. भूतानच्या नकाशात नदीचं नाव वेगळं असतं, आणि दोन्ही नकाशे जुळवल्याशिवाय काहीच जुळत नाही. आमो छू म्हणजे खाली तोर्सा. वांग छू म्हणजे रायडाक. पुना त्सांग छू म्हणजे संकोश. तोर्सा तर त्याआधी तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून येते. रायडाकचं पाणी थिंफूच्या पुढ्यातून वाहत येतं आणि वाटेत चुखा (३३६ मेगावॉट) आणि ताला (१०२० मेगावॉट) या वीजप्रकल्पांमधून जातं. अलीपूरद्वारजवळ जी शांत नदी दिसते तिने वर बरंच काम केलेलं असतं. पुढे हे सगळं पाणी ब्रह्मपुत्रेला मिळतं.

गाडीत डाव्या हाताला बसा

रस्ता सोडा, पहिला दिवस रेल्वेला द्या. न्यू जलपाईगुडी किंवा सिलीगुडी जंक्शनहून अलीपूरद्वार जंक्शनकडे जाणारी, सेवकवरून जाणारी गाडी घ्या. न्यू कूचबिहारवरून जाणारा दुसरा मार्ग दक्षिणेच्या मैदानातून जातो. तो आपल्या कामाचा नाही. २०२१ पासून या मार्गावर मोठ्या काचांची व्हिस्टाडोम गाडीही आहे, पण साध्या गाडीची खिडकी मला जास्त आवडते, कारण ती उघडते.

डावी बाजू म्हणजे उत्तर. सगळ्या नद्या डावीकडून उजवीकडे जातील. सेवकला तिस्ता ओलांडताना वरच्या बाजूला १९४१चा कोरोनेशन पूल दिसतो, कमानीचा. तिथे तिस्ता अजून डोंगराच्या मुठीत आहे. त्यानंतर लीश, घीश, चेल, नेओडा, मूर्ती, जलढाका, डायना, पुढे तोर्सा. प्रत्येक पुलावर एकच गोष्ट बघायची: पूल केवढा लांब आणि पाणी केवढं. जानेवारीत चेलवर बघाल तर एवढा लांब पूल आणि खाली चार-दोन धारा. नवख्याला वाटतं, सरकारने पैसे उधळले. जुलैत त्याच पुलावरून जाल तर हे वाटणं बंद होईल. हिवाळ्यातही नदी पूर्ण मेलेली नसते. तिचं बरंचसं पाणी दगडांच्या खालून चाललेलं असतं.

दुसरी खूण पुलाच्या खांबांवर. आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी खांबावर रंगाने लिहिलेली असते. ती वाचा, आणि मग गर्डरचा (पुलाच्या आडव्या तुळईचा) तळ आणि नदीचा तळ यांतलं अंतर बघा. आमच्या खात्याला पाण्याची भीती असतेच, पण इथे त्याहून मोठी भीती तळाची. पात्र दगडांनी भरून वर येतं, पुलाखालची मोकळी जागा कमी होत जाते, आणि आधी जेवढं पाणी आरामात निघून जायचं तेवढंच पाणी आता काठ फोडतं. काठाला तारेच्या जाळीत भरलेले दगडांचे चौकोनी गठ्ठे दिसतील, रेल्वेवाले त्यांना बोल्डर क्रेट म्हणतात. ते जिथे फुगलेले, फाटलेले किंवा तिरके झालेले दिसतील तिथे नदीचा मार बसतोय असं समजायचं.

चालसा ते हासीमारा या टप्प्यात गाडी मध्येच हळू झाली तर कुरकुर करू नका. हत्ती रूळ ओलांडतात, आणि या मार्गावर गाडीखाली बरेच हत्ती मेले आहेत. रुळालगतच्या ऑप्टिकल फायबरवरून हत्तीच्या पावलांची कंपनं ओळखून चालकाला सावध करायची यंत्रणा २०२२ मध्ये याच टप्प्यात प्रथम बसवली.

दगड हातात घ्या

दुसरा दिवस तोर्साचा. शिकायला हीच नदी सोपी, कारण तिच्या तीन जागी सहज पोचता येतं: वर फुंटशोलिंग, मध्ये हासीमारा, खाली कूचबिहार शहर.

फुंटशोलिंगला नदीकाठी जा. डोक्याएवढे, काही ठिकाणी कवेत न मावणारे गोटे, सगळे गोल. गोल याचा अर्थ लांबून लोळत आलेले. पट्टेदार, अभ्रकाने चमचमणारा दगड असेल तर तो नाइस. हिमालयाच्या आतल्या, उंच रांगांचा. पातळ पापुद्रे सुटणारा हिरवट-करडा फिलाइट असेल तर तो जवळच्या डोंगराचा, आणि ठिसूळ म्हणून दूर जात नाही. हासीमाऱ्याच्या पुलापाशी हेच गोटे लहान झालेले असतात, मध्ये वाळूचे पट्टे. कूचबिहारला शहर वाचवायला बांधलेल्या बंधाऱ्यावरून खाली उतरलात तर हाताला फक्त बारीक वाळू लागेल. साधारण साठ किलोमीटरमध्ये डोक्याएवढ्या दगडाची वाळू. (म्हणजे तोच दगड झिजून वाळू झाला असं नव्हे. जड ओझं वर टाकलं, हलकं खाली नेलं, हा मुख्य हिशेब.)

तिन्ही जागी फोटो काढताना दगडाशेजारी एकच वस्तू ठेवा, पेन किंवा पाण्याची बाटली. घरी आल्यावर हे तीन फोटो शेजारी लावले की उताराचा आलेख काढायची गरज राहत नाही.

वेळ असेल तर जयंतीला जाऊन दुसऱ्या जातीचा दगड बघा. तिथलं पात्र फिकट करडं, जवळजवळ पांढरं दिसतं. तो डोलोमाइट, चुनखडीच्या जातीचा दगड. बक्साच्या डोंगरात तो इतका आहे की भूगर्भशास्त्रज्ञांनी खडकांच्या त्या गटालाच बक्साचं नाव दिलं. ओळखायला सोपा: चाकूचं टोक ओढलं की ओरखडा उठतो, शेजारच्या क्वार्ट्झाइट या कठीण दगडावर उठत नाही. एके काळी राजाभातखावाहून जयंतीपर्यंत रेल्वे होती आणि डोलोमाइट तिच्यावरून खाली यायचा. जुन्या पुलाचे खांब अजून पात्रात उभे आहेत, दगडगोट्यांत गाडले गेलेले. पात्र भरणं म्हणजे काय, हे मी कितीही सांगितलं तरी त्या खांबांशेजारी उभं राहिल्याशिवाय पटणार नाही. डोंगर मुळातच खिळखिळा, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि सीमेपलीकडे सामत्से-गोमतू भागात डोलोमाइटच्या खाणी. खाली शेतात पांढरा गाळ आला की इकडचे लोक तिकडे बोट दाखवतात. खाणीचा वाटा आहेच, पण दरडी खाणीशिवायही कोसळतात.

झाडावरून जमीन ओळखा

यासाठी वनस्पतिशास्त्र लागत नाही. नदीने नुकत्याच टाकलेल्या दगडांवर आधी उंच गवत येतं, मग खैर आणि शिसू. नदी तिथे बरीच वर्षं फिरकली नाही की सावर दिसायला लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या लाल फुलांमुळे ओळखायची अडचणच नाही. आणि जिथे साल वृक्षांचं दाट जंगल आहे, ती जमीन नदीने फार पूर्वी सोडलेली, उंच आणि निचऱ्याची. सालाच्या जंगलात जीपवाला सांगेल की इथे पूर येत नाही. त्याचं खरं असतं, साल त्याच्याआधी तेच सांगत असतो.

चहाही निचऱ्याच्या जमिनीवरच. मुळाशी पाणी साचलं की चहा मरतो, म्हणून मळे नदीच्या जुन्या, उंच पायऱ्यांवर आहेत आणि भात खालच्या सखल भागात. पश्चिम डुआर्समधला पहिला मळा १८७४ मध्ये तिस्ताकाठी गाजलडोबा इथे लागला. आज त्या नावाने लोक ओळखतात ते तिस्ता बॅरेज. मळ्यांवर कामाला छोटा नागपूरहून उरांव, मुंडा, संथाळ आणले गेले, म्हणून बागानात (चहामळ्यात) आज सादरी बोली ऐकू येते आणि तिथून थोड्या अंतरावर राभा, मेच, राजबंशी यांची गावं लागतात.

भाबराच्या वरच्या मळ्यांत चैत्रात पाण्याची ओरड असते, विहीर खोल न्यावी लागते. तिथून दक्षिणेला या. दगडांखाली गडप झालेलं पाणी एका पट्ट्यात झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येतं, जमीन दलदलीची होते, माणूस बुडेल एवढं गवत माजतं. ही तराई. जलदापाडा आणि गोरुमाऱ्यातले गेंडे अशाच ओल्या गवताळ, पूर येणाऱ्या जमिनीवर आहेत. सफारीला गेलात की गेंडा बघून झाल्यावर खाली बघा: चाकाखाली दगड आहे की चिखल? जंगल १६ जून ते १५ सप्टेंबर बंद असतं, हे तिकीट काढण्याआधी लक्षात ठेवा.

चालसाचा चढ मात्र महामार्गावरून जाणाऱ्यानेही चुकवू नये. चालसा गोलाईहून (गोल चौकातून) मेटेलीकडे निघालं की सपाट जमिनीतून रस्ता एकदम वर चढतो, मग पुन्हा सपाट मळे लागतात. मध्येच ही पायरी कुठून आली? हिमालय अजून दक्षिणेकडे सरकतोय आणि त्याच्या पुढच्या काठावरची जमीन भ्रंशावरून (खडकातल्या मोठ्या तड्यावरून) उचलली गेली आहे. पुरावा रस्त्याच्या कापलेल्या कडेला मिळतो. आजच्या नदीपेक्षा कितीतरी वर, तांबूस मातीत, नदीचेच गोल गोटे. नेपाळ किंवा उत्तराखंडात डोंगराच्या पुढे शिवालिकची रांग असते. तिस्ता आणि जलढाकाच्या मध्ये ती जवळपास नाहीच, तिच्या जागी या पायऱ्या. तसंच वर सामसिंगपर्यंत जा, चहा संपून डोंगर कुठे लागतो ते पायांना कळेल.

सीमा पायथ्यालाच का

जयगावहून फुंटशोलिंगला जाताना लक्षात येतं की भारत संपतो तिथेच सपाटी संपते. हा योगायोग नाही. इंग्रज येईपर्यंत खालच्या सपाटीवर भूतानचा अंमल होता; डोंगरात न पिकणारा भात आणि कापूस तिथून वर जायचा. डोंगरातून उतरणाऱ्या अठरा वाटा (डुआर म्हणजे दार, मुलखाचं नाव त्यावरूनच), अकरा बंगालकडे आणि सात आसामकडे. आसामकडच्या इंग्रजांनी १८४१ मध्ये घेतल्या. बाकीच्या १८६४-६५ च्या युद्धानंतर, ११ नोव्हेंबर १८६५ च्या सिंचुला तहाने गेल्या, आणि बदल्यात भूतानला वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत मोबदला ठरला. सीमा डोंगराच्या बुडाशी ओढली गेली ती अशी. फुंटशोलिंगला जागेची इतकी टंचाई आहे की आमो छूच्या काठी बांध घालून नवी जमीन काढावी लागतेय.

हा इतिहास पायांनी बघायचा तर सांतराबाडीहून बक्सा किल्ल्याची चढण चढा. तीही त्या अठरांतलीच एक वाट. इंग्रजांनी १९३० च्या दशकात तिथे स्वातंत्र्यसैनिकांना डांबलं, आणि १९५९ नंतर तिबेटहून आलेले भिक्षू त्याच भिंतींत राहिले.

भूतानमध्ये शिरताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही, आणि हे गेटवर कळलेले लोक मी बरेच पाहिले आहेत. फुंटशोलिंगच्या पुढे थिंफूकडे मुक्कामाला जायचं असेल तर परवाना आणि भारतीयांना दर रात्री १२०० रुपये शुल्क. रुपया आणि भूतानचं चलन ङुल्त्रुम सारख्याच किमतीचे. घड्याळ तिकडे अर्धा तास पुढे असतं, म्हणून परतायची वेळ भूतानच्या घड्याळाने धरा.

पात्रात उतरताना

बागडोगऱ्याच्या विमानतळावर उतरताना आकाश निरभ्र असलं तर त्यावर जाऊ नका. पाऊस वर भूतानात पडतो आणि पाणी इथे येतं. अचानक येणाऱ्या त्या लोंढ्याला इथे हडपा बान म्हणतात. पात्रात असताना दर थोड्या वेळाने उत्तरेचे ढग बघा. स्वच्छ धार गढूळ झाली, पाण्यावर पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, किंवा तळाशी दगड एकमेकांवर आपटल्यासारखा दबका आवाज आला, तर सामान गोळा करत बसू नका, काठ गाठा. गाडी पात्रातून नेणारा चालक थांबला तर त्याला घाई करू नका.

आणि ऑक्टोबर लागला म्हणजे पाऊस गेला, हा आपला हिशेब इथे लावू नका. जलपाईगुडी बुडवणारा तिस्ताचा पूर ४ ऑक्टोबर १९६८ चा. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्ता सुटली ती ४ ऑक्टोबर २०२३ ला. नागराकाटा भागात नद्यांनी धुमाकूळ घातला ती २०२५ ची ४-५ ऑक्टोबरची रात्र. मी लोकांना दिवाळीनंतर या म्हणते; डिसेंबर ते फेब्रुवारी पात्रात फिरायला सर्वांत बरे.

तिसरा दिवस टोटोपाड्याला द्या. मादारीहाटहून साधारण २२ किलोमीटर, आणि वाटेत तीती, बांगरी, हाउरी अशा नद्या पात्रातूनच ओलांडाव्या लागतात. डुआर्सचा उभा छेद एका सकाळी मिळतो: ओली तराई, चहा, सालाचं जंगल, रुंद पांढरी पात्रं, मग सीमेला टेकलेलं गाव आणि मागे भूतानचा डोंगर. टोटो जमात संख्येने दीड-दोन हजारांच्या आसपास, आणि त्यांच्या भाषेला लिपी देणारे धनीराम टोटो यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पावसाळ्यात गावाचा संपर्क तुटतो, कारण या पात्रांना धड पूल नाहीत. पूल का नाहीत हे विचारण्याआधी पात्राची रुंदी आणि तळाचा दगड बघून घ्या. मादारीहाटहून सकाळी लवकर निघा, गाडी उंच चाकांची घ्या, आणि अंधाराच्या आत परत या. संध्याकाळी ती वाट हत्तींची असते.